मदत हवी आहे: विश्रांतीनंतरच्या दुसऱ्या धावेचा ठोकताळा, आकडे खरे की नशीब?

चौखूर:
मंडळी, एक ठोकताळा तपासतोय. नियम असे: किमान ७० दिवसांच्या विश्रांतीनंतर घोड्याची दुसरी धाव, पहिल्या धावेत तो चौथा किंवा त्याहून मागे, आजचं अंतर त्या धावेपेक्षा २०० मीटर तरी जास्त, जॉकी बदललेला, रेसमध्ये ८ ते १४ घोडे आणि भाव ५ ते २५ (दशांश भाव, म्हणजे लावलेला १ धरून).

मागच्या तीन हंगामांच्या निकालांवर: १८० डाव, २७ विजय, विजेत्यांचा सरासरी भाव ७.६. दर वेळी १ युनिट धरलं तर २०५.२ युनिट परत, म्हणजे १४ टक्के नफा. जॉकी आणि घोड्यांची संख्या हे नियम नंतर घातले. त्याआधी जेमतेम बरोबरी होत होती. खरे पैसे लावायला एवढं पुरेसं आहे का? नसेल तर पुढे काय तपासू?

लगाम:
पुरेसं नाही. १५ टक्के विजय आणि ७.६ भाव असेल तर एका डावाचं प्रमाण विचलन ७.६ × √(०.१५ × ०.८५), म्हणजे सुमारे २.७ युनिट. त्याला १८० च्या वर्गमुळाने, म्हणजे १३.४ ने भागा. उत्तर २० टक्के, ही सरासरीची प्रमाण त्रुटी. नफा १४ टक्के आणि नशिबाचा हेलकावा अधिक-उणे २० टक्के, अशी स्थिती आहे. विजेत्यांचे भाव एकसारखे नसतात, त्यामुळे खरा हेलकावा याहून मोठाच.

यादीतले सर्वांत मोठ्या भावाचे दोन विजेते शोधा. समजा ते २२ आणि १९ चे आहेत. दोन्ही फोटो फिनिशमध्ये नाकभर हरले असते तर परतावा १६४.२ वर आला असता, म्हणजे १५.८ युनिट तोटा. १४ टक्के नफा दोन प्रमाण त्रुटींइतका पक्का करायचा तर साधारण १५०० डाव लागतील.

पण मला जास्त खटकतात ते नंतर घातलेले दोन नियम. २० निरर्थक चाळण्या लावून पाहिल्या तर त्यांतली किमान एक ५ टक्क्यांच्या कसोटीत योगायोगाने उतरण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून कारण आधी, चाळणी नंतर. तुमच्या मूळ नियमाला कारण आहे: ट्रेनर विश्रांतीवरून आलेल्या घोड्याला दम यावा म्हणून छोट्या अंतराला पळवतो, हरतोय असं दिसलं की जॉकी त्याला पिळत नाही, फॉर्मच्या ओळीत नववा नंबर उमटतो आणि पब्लिक त्या नंबरावर भाव ठरवतं. अंतराचा नियम याच साखळीत बसतो. जॉकीचा बसत नाही, कारण ‘बदललेला’ म्हणजे चांगला आला की सुमार आला हे त्यातून कळतच नाही. आणि १५ घोडे झाले की असं काय बदलतं? हे दोन्ही काढा.

मग शेजारच्या किमती तपासा. ७० च्या जागी ५०, ६०, ८०, ९०, १२० दिवस टाका. कारण खरं असेल तर परिणाम हळूहळू चढेल-उतरेल. फक्त ७० ला नफा आणि ६०-८० ला तोटा दिसला, तर तो ठोकताळा नव्हे, आकड्यांतला योगायोगाचा उंचवटा आहे. उलटी बाजूही बघा: पहिल्याच धावेत जीव तोडून पळालेले काही घोडे दुसऱ्या धावेत ढेपाळतात. तुमचा गट आणि तो गट वेगळे वागताना दिसले पाहिजेत.

टापा:
भाव कुठला घेतलाय? ५ ते २५ ही चाळणी रेस सुटतानाच्या अंतिम भावावर असेल, तर पैसे लावायच्या क्षणी घोडा यादीत आहे की नाही हेच तुम्हाला माहीत नसतं. टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात ती पद्धत) तर अंतिम डिव्हिडंड, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा भाव, नंतरच कळतो आणि तुमचे स्वतःचे पैसेही तो खाली ओढतात.

चौखूर:
अंतिम भावच आहेत, दुसरे मिळत नाहीत. मग भावांतून दिसणाऱ्या बाजाराच्या अंदाजाशी तुलना कशी करू?

लगाम:
अंतिम भावावरून अपेक्षित विजय काढा. समजा भाव २.५, ४, ५, ८, १०, २०, २० आणि ४० आहेत. प्रत्येकाचा व्यस्त घेऊन बेरीज १.२० येते, म्हणजे खऱ्या शक्यतांच्या १ या बेरजेपेक्षा २० टक्के जादा, तो भाव देणाऱ्याचा वाटा. ८ भावाच्या घोड्याची शक्यता ०.१२५ नव्हे, ०.१२५ ÷ १.२० = ०.१०४. आपल्या सगळ्या घोड्यांच्या अशा शक्यतांची बेरीज करा आणि प्रत्यक्ष विजयांना तिने भागा. बेरीज २० आली तर २७ ÷ २० = १.३५. चारेक विजय इकडेतिकडे नशिबाने होतात, म्हणून हे आशादायक आहे, पक्कं नाही. आणि बाजारात २० टक्के जादा असेल तर गुणोत्तर साधारण १.२० च्या वर गेल्यावरच पैसे सुटतात. ठोकताळ्यात माहिती असणं वेगळं, नफा असणं वेगळं. लांब भावांच्या घोड्यांवर पब्लिक जास्त पैसे लावतं हे १९४९ पासून अभ्यासात नोंदलेलं आहे, तेव्हा ५ ते १० आणि १० ते २५ हे गट वेगळे मोजा.

नमुना छोटा असल्याने फक्त विजय मोजू नका. प्रत्येक धावेत घोड्याने किती टक्के प्रतिस्पर्धी मागे टाकले तेही लिहा आणि त्याच भावाच्या इतर घोड्यांशी ताडून बघा.

टापा:
आणखी एक गळती: ट्रेनरची टक्केवारी किंवा घोड्याचं रेटिंग वापरणार असाल तर ते त्या रेसच्या आदल्या दिवशीचं हवं. हंगामाअखेरच्या तक्त्यातून उचललं की त्यात त्याच रेसचा निकाल मिसळलेला असतो.

आता नियम गोठवा. पुढच्या हंगामात कागदावरच, रेस सुटण्याआधी नोंद करा: तारीख, रेस क्रमांक, घोडा, नोंदीची वेळ, तेव्हाचा भाव, अंतिम भाव, निकाल. तुम्ही नोंदवलेला भाव अंतिम भावापेक्षा सतत मोठा राहिला, तर ती खूण नफ्याआधी दिसते. १५ टक्के विजयांवर १००० डावांत सलग ३० पराभव येणं साधारण आहे, तेवढ्यावरून नियम बदलू नका.

पैसे लावायची वेळ आलीच तर किती लावायचे हे सांगणारं १९५६ चं केली सूत्र: ०.१५ शक्यता आणि ७.६ भाव असेल तर (६.६ × ०.१५ − ०.८५) ÷ ६.६, म्हणजे गंगाजळीच्या (डावांसाठी ठेवलेल्या एकूण रकमेच्या) २.१ टक्के. तुमचा ०.१५ हाच अंदाज डळमळीत आहे, तेव्हा चौथाई घ्या, अर्धा टक्का. आणि ऐनवेळी एखादा घोडा मागे घेतला गेला तर सगळे भाव हलतात, ती नोंद खोडू नका, नव्या भावासह वेगळ्या रकान्यात ठेवा.