लॅपटॉपला व्हायरस लागलाय, विंडोज काढून लिनक्स टाकलं तर फोटो राहतील का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, बाबांचा जुना लॅपटॉप आहे, विंडोज ७, ४ जीबी रॅम. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला आणि तेव्हापासून सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, क्लिक केलं तरी उघडत नाहीत, अँटीव्हायरस पण चालू होत नाही. आत आजीचे फोटो आहेत, ते दुसरीकडे कुठेच नाहीत आणि बाबांचा शेतीचा हिशोब. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल. मित्र म्हणतो लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाक. काय करू?

प्रतिसाद १:
थांबा, फॉरमॅट नको आणि लिनक्स इन्स्टॉलही लगेच नको! शॉर्टकट व्हायरस बहुतेक वेळा फाइली पुसत नाही, लपवतो. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची (लिनक्सचाच एक प्रकार) एक्सएफसीईवाली, म्हणजे जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती, तिची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवा, ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने चढवा, मग लॅपटॉप चालू होताना एफ१२ किंवा एफ९ दाबून (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) पेनड्राइव्हवरून बूट (सुरू) करा. इन्स्टॉल न करता मिंट तसंच चालतं. विंडोज सुरूच झालेलं नसतं त्यामुळे व्हायरस पण नुसता पडून असतो, आणि विंडोजने हिडन केलेल्या फाइली लिनक्सला सरळ दिसतात. बिननावाचा एखादा फोल्डर दिसला तर तो आधी उघडा, माझ्या बहिणीचं सगळं त्यातच सापडलं होतं.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, फक्त कॉपी करताना फोटो आणि एक्सेल एवढंच घ्या, ईएक्सई, व्हीबीएस (चालवल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइली), शॉर्टकट काही उचलू नका नाहीतर पुन्हा तेच. आणि फाइलींची एक्स्टेन्शनच (नावाच्या शेवटचं .jpg वगैरे) बदलली असतील, पैसे मागणारी चिठ्ठी असेल तर तो रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस), तिथे लिनक्स टाकून कुलूप उघडत नाही. त्यासाठी युरोपोल (युरोपीय पोलीस संस्था), डच पोलीस वगैरेंनी २०१६ मध्ये काढलेली नो मोअर रॅन्सम साइट बघा, काही प्रकारांची किल्ली फुकट मिळते. बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून आजच बदला.

प्रतिसाद ३:
डेटा निघाला की मग खुशाल मिंट टाका, विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झालेत, त्यावर नेट वापरणं धोक्याचं आहे. ‘इरेज डिस्क’ निवडलं की सगळं पुसलं जातं, म्हणून आधी बॅकअप उघडून बघा. एक्सेल लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखा फुकट प्रोग्रॅम) उघडतं. पण हिशोब श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर ते फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून आठवणीने घ्या, नाहीतर मराठीच्या जागी अगम्य अक्षरं दिसतील.

प्रश्नकर्ता:
फोटो मिळाले!! खरंच बिननावाचा फोल्डर होता, आजीचे सगळे आहेत, दोन ठिकाणी कॉपी केले. हिशोब कृतिदेवमध्येच निघाला, फॉन्ट घेतलेत. रविवारी मिंट टाकतो, बाबा शेजारी बसून बघणार म्हणालेत.