शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा ‘मराठी’ लिहायची का?

नमस्कार मंडळी,
आम्ही जूनमध्ये सांगलीहून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. मुलगा तिसरीत. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारलं होतं. ओळखीच्यांनी बजावलं, मराठी लिहिलंत तर पोराला ‘ईएसएल’मध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात टाकतील, शिक्का बसेल. ह्यांनी सरळ ‘इंग्रजी’ लिहून टाकलं. आता टीचर म्हणतात, तो दिवसभर तोंड उघडत नाही आणि गणितातही मागे आहे. तिकडे याचे तीसपर्यंत पाढे पाठ होते! काल वही बघितली. तीन डाइम आणि चार निकेल मिळून किती? याने लिहिलंय ७. आता फॉर्म बदलला तर व्हिसाची काही भानगड नाही ना होणार?
– सांगलीकर आई

रि:
(अहोजाहो करत नाही, माझ्या लेकीच्या वयाची असशील.) अगं, नाणी सातच आहेत की! डाइम म्हणजे दहा सेंट आणि निकेल म्हणजे पाच, हे त्याला कुणी सांगितलंय? मी इथल्या शाळेत अकरा वर्षं मदतनीस होते, असे ‘ढ’ ठरवलेले पुष्कळ पाहिले.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंग्रजी न कळणाऱ्या जवळजवळ १,८०० चिनी मुलांचं हेच झालं होतं. सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिलेत, मग अन्याय कसला, असं शाळावाल्यांचं म्हणणं. १९७४ मध्ये लाउ विरुद्ध निकल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शिकवलेलं कळतच नसेल तर याला समान वागणूक म्हणत नाहीत.

तेव्हा शाळेला दोन ओळींची ईमेल टाक: चूक झाली, घरची भाषा मराठी. मग इंग्रजी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं याची चाचणी घेतील. मीटिंगला दुभाषी माग, फुकट मिळतो. हिंदीचा चालेल का विचारतील. तुला सोयीचं नसेल तर मराठीच हवा म्हण. पोराला मात्र दुभाषी करू नकोस. स्वतःच्या तक्रारी तो कशाला धड सांगेल!
– काकू

रि: रि:
काकू, पटलं, पण अर्धंच. आमच्या लेकीला ईएसएलसाठी रोज नेमकं विज्ञानाच्या तासाला उठवून न्यायचे. चुंबकाचे सगळे प्रयोग बुडाले, आणि आम्हाला कळलं मार्चमध्ये. त्यामुळे ताई, कोणत्या तासाला नेणार, हे आधी विचारा. दर वर्षी इंग्रजीची परीक्षा होते, तिचा निकाल मागून घ्या. वर्ग नको असेल तर पालक नकार देऊ शकतात, पण परीक्षा चुकत नाही.

व्हिसाचं डोक्यातून काढा. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे १९८२ मध्येच प्लायलर विरुद्ध डो खटल्यात ठरलंय. तुमच्याकडे तर सगळे कागद आहेत.
– प्लेन्सबरोहून

रि: रि: रि:
काकू, दादा, आभार. ईमेल केली, चाचणी मंगळवारी आहे. तासाचंही विचारलंय, ‘बघून सांगतो’ म्हणाले, म्हणजे परत विचारावं लागणार.

रात्री डब्यातली सगळी चिल्लर ओट्यावर ओतली. पन्नास सेंट बरोबर जमले. पण डाइम निकेलपेक्षा लहान, मग त्याची किंमत दुप्पट कशी, यावर तो अजून भांडतोय. कुणाला माहीत आहे का?