डी३३०० नंतर काय? निकॉनमध्येच राहावं की कॅननकडे जावं?

रानवाट: सध्या निकॉन डी३३००, सोबत आलेली १८-५५ आणि ३५ मिमी एफ१.८जी आहे. आता पक्ष्यांसाठी सेकंडहँड कॅमेरा आणि लेन्स घ्यायचीय. एक तर निकॉन डी७५०० आणि २००-५०० मिमी एफ५.६, नाहीतर कॅनन ९०डी आणि १००-४०० मिमी मार्क २. वापर मुख्यतः भिगवणला (उजनीच्या जलाशयावर), होडीतून. कंपनी बदलावी का?

गवताळ: अजिबात बदलू नका. सेन्सर लहान असल्याने पक्षी जवळ दिसतो तो क्रॉप धरा: निकॉनच्या १.५ क्रॉपवर ५०० मिमी म्हणजे ७५०, कॅननचा १.६ धरूनही ४०० चे ६४०च होतात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) होडीला फार जवळ येऊ देत नाहीत, तिथे हा फरक कळतो. डी७५०० सेकंदाला ८ फ्रेम काढतो आणि १४ बिट रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) ५० फ्रेमपर्यंत अडत नाही. थवा उठला की सहा सेकंद बोट दाबून ठेवा. ३५ मिमी तशीच वापरता येईल. निकॉनचा फ्लॅश असेल तर तोही. कॅननवर तो फक्त मधल्या पिनेवर उडतो, टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश आपोआप ठरणं, मिळत नाही.

काचमणी: असहमत. ७५० विरुद्ध ६४० हा अर्धाच हिशेब आहे. पक्ष्यावर पिक्सेल किती पडतात ते बघा. ९०डीच्या २२.३ मिमी रुंद सेन्सरवर ६९६० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला ३१२. डी७५०० वर २३.५ मिमीत ५५६८, म्हणजे २३७. ३१२ गुणिले ४०० आणि २३७ गुणिले ५०० करून बघा: कॅननच पाचेक टक्के पुढे! होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, सगळं हातावर. २००-५०० चं वजन २.३ किलो, १००-४०० चं १.६. आणि निकॉनमध्ये राहून वाचतं काय? बॅटरीसुद्धा चालत नाही. डी३३०० ला ईएन-ईएल१४, डी७५०० ला ईएन-ईएल१५. उरली एक ३५ मिमी.

गवताळ: पिक्सेलचं मान्य, पण प्रकाश कुठे गेला? ५०० भागिले ५.६ म्हणजे ८९ मिमीचं छिद्र (अॅपर्चर), ४०० भागिले ५.६ म्हणजे ७१. क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त. तेवढ्याच अंतरावरच्या पक्ष्याकडून तितका जास्त प्रकाश आत येतो. पहाटे उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद ठेवायचा तर आयएसओ (संवेदनशीलता) चढणारच, आणि ९०डीच्या बारीक पिक्सेलमध्ये नॉइज (दाणे) आधी दिसतो. पिसांचा तपशील तिथेच जातो.

तिपाई: दोघांनीही फाइन ट्यून, म्हणजे कॅमेऱ्याचा ऑटोफोकस त्या लेन्सला जुळवणं, सोडलं. डी३३०० मध्ये ती सोयच नाही, म्हणून नव्यांना कल्पना नसते. डोळ्याऐवजी मागची शेपटी शार्प येते आणि दोष लेन्सच्या माथी जातो. कॅननमध्ये झूमच्या दोन्ही टोकांना वेगळा आकडा देता येतो. डी७५०० मध्ये लेन्सला एकच. पक्षी ५०० लाच काढणार, तेव्हा तिथेच जुळवा: ट्रायपॉड, व्हीआर (हात हलल्याची भरपाई) बंद, अॅपर्चर ५.६, सपाट छापील कागद साधारण साडेबारा मीटरवर. लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) मधल्या बिंदूवर फोकस करा, मग एएफ मोडचं आणि व्हिडिओ रेकॉर्डचं बटण एकत्र दोन सेकंदांहून जास्त दाबा. कॅमेरा आकडा स्वतः काढतो. एकदा करून थांबू नका. दर वेळी आकडा थोडा हलतो, चार-पाच वेळांची सरासरी घ्या.

आरसेमोड: २०२० नंतर दोन्ही कंपन्यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही, तेव्हा लेन्स पुढे कुठे चालेल तेही बघा. कॅननची प्रत्येक ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून कॅननच्या आर या मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीवर ऑटोफोकस करते. निकॉनचा एफटीझेड हा तसाच अॅडॅप्टर २००-५०० ला चालतो; पण डी७५०० मध्ये फोकसची मोटर आहे म्हणून स्वस्तातली, स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी टेली घेतलीत, तर निकॉनच्या झेड या मिररलेस बॉडीवर ती हातानेच फिरवावी लागेल.

काचमणी: हाच मुद्दा कॅननच्या बाजूने जातो. शिवाय १००-४०० एक मीटरच्या आत फोकस करते, २००-५०० ला २.२ मीटर लागतात. काठावरची चतुर-फुलपाखरंही मिळतील.

गवताळ: प्रश्न पक्ष्यांचा आहे. रानवाट, निकॉन घेणार असाल तर विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेला मूळ जेपीजी मागवा, शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं) त्यातच लिहिलेला असतो. ९०डीच्या फाइलमध्ये तो नसतो. आणि लेन्स कुठलीही घ्या, अॅपर्चर उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोकण-मुंबईच्या लेन्समध्ये कडेला जाळीदार फंगस दिसली, तर किंमत पाडून मागू नका. सरळ सोडून द्या.