सी-थ्री ही वेगळी पिढी नाही? काहीही!

कोथरूडी कार्ब्युरेटर: काल इथे एकाने ठोकून दिलं की चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बदलली तरच पिढी बदलते, म्हणून शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची १९६८ची सी-थ्री म्हणजे नुसते कपडे बदललेली आधीची सी-टू. चॅसी सी-टूचीच होती, कोण नाही म्हणतंय? पण मग पहिल्या पिढीचं, सी-वनचं काय करता? १९५३ला सहा सिलिंडर, १९५५ला व्ही-एट, १९५८ला दोनाचे चार हेडलाइट, तरी १९६२पर्यंत पिढी एकच! बॉडी बदलली की पिढी बदलली. संपला विषय.

चॅसी नंबर: ते ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं? बॉडीच बघायची तर पोर्शच्या ९११ स्पोर्ट्स कारची ९६४ ही पिढी घ्या. दिसायला जुन्या ९११चीच बहीण. आत सस्पेन्शनमधले टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारे दांडे, जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या, एबीएस, पॉवर स्टीअरिंग आलं. तुमच्या हिशेबाने ती पिढीच नाही!

निगडीचा पल्सरवाला: कॉर्व्हेट पाहिलीय का राव कुणी रस्त्यावर? आपल्या बजाजच्या पल्सरचं बोला. २००१ची गोल दिव्याची, २००३ची दोन स्पार्क प्लगची डीटीएस-आय, मग यूजी-थ्री, यूजी-फोर. यूजी म्हणजे अपग्रेड. साइड पॅनल मागा, दुकानदार आधी ‘यूजी कितवं?’ विचारतो. पिढी म्हणजे स्पेअर पार्ट. बाकी सगळ्या गप्पा.

पेठेतला: माझ्या मावसभावाने गोल दिव्याच्या पल्सरला यूजी-थ्रीची टाकी आणि एलईडी टेललॅम्प लावलाय. कितवी पिढी धरायची?

निगडीचा पल्सरवाला: गाडीची वाट लावलीन म्हणा. मूळचा दिवा तरी ठेवलाय का?

कोथरूडी कार्ब्युरेटर: धागा कशाचा, चाललंय काय! पल्सर स्पोर्ट्स कार कधी झाली?

पेठेतला: चिडताय कशाला काका? २०२१च्या विंटेज नोंदणीच्या नियमात तुमची पिढीबिढी काही नाही. पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी असली की ‘व्हीए’ नंबर. आणि सी-वन, सी-टू ही नावंसुद्धा मागाहून चिकटवलेली. १९५३ला कोण म्हणत होतं सी-वन?

चॅसी नंबर: बरं बाबा, सी-थ्री पिढी. सत्कार करा कार्ब्युरेटरांचा. पण ९६४चं उत्तर आलेलं नाही, हे सगळ्यांनी बघून ठेवा.

कोथरूडी कार्ब्युरेटर: ९६४ अपवाद. पोर्शवाल्यांना तीच बॉडी पुन्हा पुन्हा विकायची सवय.

चॅसी नंबर: अपवाद! वा!

निगडीचा पल्सरवाला: पेठेतले, दिव्याचं राहिलं. रिफ्लेक्टर शाबूत असेल तर उद्या संध्याकाळी येतो.