फोटो लावायला आणि एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (डिजिकॅम + डार्कटेबल की लाइटरूम?)

नमस्कार मंडळी,

घरातले सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर आणून नीट लावायला घेतले आहेत. फोनमधले आहेत, कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल्स आहेत, जुन्या अल्बममधले स्कॅन केलेलेही आहेत. लॅपटॉप विंडोजचा, रॅम १६ जीबी. गाडी अडलीये ती सॉफ्टवेअर ठरवण्यावर.

माझी अट एकच. फोटोवर लिहिलेली माहिती फोटोबरोबरच राहिली पाहिजे. जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारे आता घरात मोजकेच उरलेत. त्यांच्या शेजारी बसून "ही कोण, हे कुणाचं लग्न" असं विचारत एकेक नाव लिहून घ्यायचं आणि ते सगळं एखाद्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये अडकून पडायचं, हे अजिबात नको. गूगलचं फोटो लावायचं सॉफ्टवेअर पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, त्याच्या आदल्या वर्षी अ‍ॅपलच्या अ‍ॅपर्चरची विक्री थांबली. कंपनी मोठी म्हणून सॉफ्टवेअर टिकेलच असं नाही. त्यामुळे नावं, टॅग, तारखा फाइलमध्येच, नाहीतर शेजारच्या एक्सएमपी साइडकार फाइलमध्ये (फोटोची माहिती ठेवणारी वेगळी छोटी फाइल) जायला हव्यात.

वाचून आणि थोडं वापरून डिजिकॅम बरंच जवळचं वाटलं. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, चेहरे ओळखतं, मेटाडेटा (नावं, टॅग, तारखा ही माहिती) फाइलमध्ये लिहितं. रॉ एडिटिंगला मात्र डार्कटेबल जास्त आवडलं, कारण ते मूळ फाइलला हात लावत नाही, बदल साइडकारमध्ये ठेवतं. माझी खरी शंका इथेच आहे. दोन्ही प्रोग्रॅम साइडकारला मूळ फाइलचं पूर्ण नाव देऊन पुढे एक्सएमपी जोडतात. म्हणजे एका फोटोसाठी दोघंही एकाच फाइलमध्ये लिहिणार! डिजिकॅममध्ये नंतर टॅग बदलला तर डार्कटेबलमधलं एडिटिंग शाबूत राहतं का? आणि उलट? दोन्ही एकत्र वापरणाऱ्यांचा अनुभव हवाय.

लाइटरूम क्लासिकमध्ये दोन्ही कामं एकत्र होतात, म्हणून ते बरेच जण सुचवतात. पण वर्गणी थांबली की डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिटिंगचा भाग, बंद. शिवाय बदल एक्सएमपीमध्ये आपोआप लिहिण्याचं सेटिंग चालू केलं नाही तर सगळं कॅटलॉगमध्येच, म्हणजे लाइटरूमच्या डेटाबेसमध्येच, राहतं. ते चालू ठेवून नंतर कुणी दुसरीकडे गेलंय का? चेहऱ्यांची नावं नीट आली का?

एडिटिंगच्या गरजा साध्या आहेत. क्रॉप, उजेड, उडालेले रंग, स्कॅनवरचे ओरखडे, बस.

आणखी एक अडचण तारखांची. स्कॅनला स्कॅन केल्याच्या दिवसाची तारीख पडते आणि आजोबांच्या तरुणपणचा फोटो परवाच्या वाढदिवसाच्या फोटोंत जाऊन बसतो. तारीख बदलता येते, पण "१९६२-६३च्या सुमारास" असं कसं नोंदवायचं? सध्या १ जानेवारी १९६२ टाकून कॅप्शनमध्ये "अंदाजे" लिहितोय, म्हणजे निदान क्रम तरी लागतो. याहून बरी पद्धत कुणी वापरत असेल तर जरूर सांगा.

थोड्या फोटोंच्या कॉपी वेगळ्या काढून ठेवल्यात. सेटिंग सुचवलीत तर आधी त्यांच्यावर करून बघेन आणि काय झालं ते इथेच लिहीन.