कमिटीच्या मीटिंगआधी अर्धा तास गुडघ्यांवर: हवं की नको?

नगरी वडील:
पास्टरेट कमिटीवर, म्हणजे आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या कमिटीवर, माझं हे सहावं वर्ष. मागची मीटिंग सांगतो. सुरुवातीची प्रार्थना दीड मिनिट, पुढे अडीच तास कंपाउंडचं गेट. पत्र्याचं की जाळीचं, यावरून दोघं तर उठूनच गेले. शेवटची प्रार्थना राहिली, हे मला घरी गाडी लावताना आठवलं.

बायबलात निर्गम 33 मध्ये मोशेला दुधामधाचा देश मिळणार होता, पुढे दूतही जाणार होता. तरी तो अडून बसला: तू स्वतः येत नसशील तर आम्हाला इथून हलवू नकोस. आम्ही मात्र कोटेशनवर निघतो. म्हणून माझं म्हणणं, दर मीटिंगआधी कमिटीनं अर्धा तास देवापुढे गप्प बसावं. जो बसणार नाही, त्यानं मत द्यायचं नाही. बोला.

माजी खजिनदार:
मत द्यायचं नाही? आणि गुडघे मोजणार कोण?

आमच्याकडे एका पाळकसाहेबांच्या काळात हिशोबाची वही मागितली की उत्तर ठरलेलं: "उपासात प्रभूनं मला दाखवलंय." पुन्हा विचारलं की आपण अविश्वासू. दोन वर्षं ऑडिट नाही. रोज देवाच्या समक्षतेत बसणारा माणूस व्हाउचर दाखवायला का कचरतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

केडगावची लेक:
काका, राग रास्त आहे, पण एका माणसापायी प्रार्थनेलाच का धरता? माझी पणजी मुक्तीत, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात वाढली. 1905 साली तिथं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती आली, त्याआधी कित्येक महिने बायकामुली रोज प्रार्थनेला जमत होत्या. मुली रडून पापं कबूल करायच्या, मग टोळ्या करून खेड्यापाड्यांत निघायच्या. पंडिता रमाबाईंनी आधी सगळं ठरवून मग देवाची सही मागितली नव्हती.

माजी खजिनदार:
त्याच रमाबाईंनी शेती केली, विहिरी खोदल्या, छापखाना चालवला, हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. हे सगळं वह्या न ठेवता झालं का, ताई?

दरबारी:
तुम्ही दोघंही कमिटीतच अडकलात. रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळ्यांना जागा. देव हवा असेल तर आधी ते गेट सोडा.

माजी खजिनदार:
1919 मध्ये टिळक गेले, दरबार काही त्यांच्यामागे फार टिकला नाही. अभंग टिकले. ते दर रविवारी गातो कुठे आपण? कमिटीनं पत्रे बदलून घेतलेल्या देवळातच ना?

पाळकीणबाई:
"दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले, तिथे त्यांच्यामध्ये मी आहे" हे येशूचं वचन आमच्याकडे कधी निघतं? धो धो पाऊस, उपासनेला सहा डोकी, तेव्हा. मनाची समजूत म्हणून. पण ते जिथं आहे तो मत्तय 18 थोडं वरून वाचा. भावानं अपराध केला तर आधी एकांतात सांग, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला सांग. या तंट्याच्या ओघातच पुढे ते वचन येतं. म्हणजे पत्रा की जाळी हे चालू असतानाच मधोमध असण्याचा शब्द त्यानं दिलाय. अर्धा तास बसा, माझी ना नाही. पण त्या उठून गेलेल्या दोघांच्या घरी कोण गेलं?

नगरी वडील:
कोणी नाही. त्यातला एक मीच. जाळीवाला.

मत न देण्याची अट मागे घेतो, अर्धा तास मात्र सोडत नाही. पत्रेवाल्या भावाकडे रविवारी उपासना झाली की जातो.

माजी खजिनदार:
जा. आणि येताना कोटेशनं आणा. दोन्ही.