लुनेनबर्ग (नोव्हा स्कोशिया, कॅनडा) : बंदरगावाचा स्थानिक इतिहास कसा शोधावा?

जुनीपेठ (सोलापूर)

नमस्कार मंडळी. जून-जुलैत लुनेनबर्गला जायचं ठरतंय, पुतणी तिथे राहते. गावाबद्दल शोधलं की सगळीकडे तेच ते येतं: रंगीत लाकडी घरं, ब्लूनोज जहाज, युनेस्कोचा दर्जा. मला त्याच्या आतलं हवं आहे. एखादं घर घेतलं तर ते कुणी बांधलं, कुणाकुणाच्या हातातून गेलं, त्या घरातली माणसं पोटाला काय करायची, हे कागदावरून काढायचं आहे. सोलापुरातल्या पेठांची प्रॉपर्टी कार्डं आणि जुने दस्त वाचायची सवय आहे, मोडीही येते. पण कॅनडाच्या दप्तराची काहीच ओळख नाही. सोलापुरातून निघण्यापूर्वी काय उरकता येईल, तिथेच जाऊन काय बघावं लागेल आणि नवख्या माणसाचं कुठे चुकतं, एवढं सांगा.

दप्तरखाना

काका, सुरुवात माणसांपासून नको, प्लॉटपासून करा. या गावात ते सोपं आहे, कारण गाव आधी कागदावर आखलं आणि मग वसवलं. १७५३ साली इंग्रज सरकारने जर्मन, स्विस आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या माँबेलियार भागातले मिळून सुमारे १,४५० प्रोटेस्टंट वसाहतकरी हॅलिफॅक्सहून, म्हणजे प्रांताच्या राजधानीतून, इथे आणले. आराखडा असा: सहा विभाग, प्रत्येकात आठ चौक (म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेले प्लॉटांचे गट), प्रत्येक चौकात १४ प्लॉट, प्लॉट ४० बाय ६० फूट. रस्ते ४८ फुटी, फक्त किंग स्ट्रीट ८० फुटी. टेकडीच्या उताराची पर्वा न करता ही जाळी सरळ टाकली, म्हणून काही रस्ते आजही दमछाक करणारे चढाचे आहेत.

विभागांना वसाहतीतल्या प्रमुखांची नावं दिली: झुबरब्युलर, क्रायटन, मोरो, रुडॉल्फ, स्टाइनफोर्ट, स्ट्रासबर्गर. जुन्या दस्तात घर नंबर नसतो. ‘स्टाइनफोर्ट विभाग, चौक अमुक अक्षर, प्लॉट अमुक नंबर’ असा उल्लेख येतो. म्हणून पुतणीच्या घराचा हा जुना पत्ता आधी नकाशावरून काढा. तो हाती नसेल तर पुढचं काहीच जुळत नाही.

शिवाय प्रत्येक कुटुंबाला गावातला प्लॉट, गावाबाहेर बागेचा तुकडा आणि ३० एकर शेत असं वेगवेगळ्या ठिकाणी मिळालं, नंतर ३०० एकरांचे जंगलातले तुकडेही. एकाच माणसाच्या नावावर तीन-चार जमिनी दिसल्या की नवखा त्याला बडा जमीनदार समजतो. तसं नसतं, तो साधा वाटेकरी असतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. गावाचा इतिहास १७५३ पासून मोजू नका. ही जागा मिकमाक या इथल्या मूळ रहिवाशांची. वसाहत येण्याआधी इथे मिकमाक आणि अकेडियन (या भागात आधीच वसलेले फ्रेंच) राहायचे आणि वस्तीचं नाव मेर्लिगेश होतं. इंग्रजी कागदांत ते फार थोडं दिसतं, म्हणून ते नव्हतंच असं होत नाही.

मोडीवाचक

दस्तांची पद्धत सांगतो. इथे दोन सूच्या असतात, देणाऱ्याच्या नावाने आणि घेणाऱ्याच्या नावाने. आजच्या मालकाचं नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं, दस्तात विकणारा सापडतो. मग तोच विकणारा आधी घेणारा कधी होता ते बघायचं. असं मागे मागे जायचं. जुन्या दस्तांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं काढून बघता येतात. खातं फुकट आहे, पण सगळं शोधखिडकीतून सापडत नाही. आधी सूचीचं पुस्तक उघडायचं, तिथून खंड आणि पान टिपायचं, मग दस्ताचं पुस्तक. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, त्यांची यादी करून ठेवा.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली, गहाणखतही त्याच पुस्तकात विक्रीच्याच भाषेत लिहिलेलं असतं. शेवटी परतफेडीची अट आली की ते गहाण. ती अट न वाचता लोक सावकाराला मालक करून टाकतात. दुसरी, बापाकडून मुलाकडे घर गेलं की पुष्कळदा दस्तच नसतो. साखळी तुटली की मृत्युपत्रांच्या म्हणजे प्रोबेटच्या नोंदींकडे वळायचं. तिसरी, दस्त जमिनीचा असतो, त्यात घराचा उल्लेख असेलच असं नाही. त्याच प्लॉटची किंमत थोड्या वर्षांत एकदम वाढलेली दिसली तर मधल्या काळात बांधकाम झालं असावं. हा अंदाज आहे, पुरावा नाही, तो विम्याच्या नकाशाशी ताडून बघायचा. चार्ल्स गोड यांच्या कंपनीने १८७५ नंतर कॅनडातल्या गावांचे आगीच्या विम्यासाठी नकाशे केले. त्यात इमारतीचा आकार, मजले आणि बांधकामाचं साहित्य रंगाने दाखवलेलं असतं.

दारावरच्या फुगवट्याबद्दलही सांगून ठेवतो. वरच्या मजल्याची खिडकी पुढे येऊन दारावर झुकलेली दिसते, त्याला तिथे लुनेनबर्ग बंप म्हणतात. त्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, पण तो कितीतरी जुन्या घरांना मागाहून चिकटवलेला आहे. त्यावरून घराचं वय ठरवू नका. सेंट जॉन्स अँग्लिकन चर्चचंही तसंच. स्थापना १७५४ सालच्या सुमाराची, पण २००१ मध्ये ते जळालं आणि २००५ पर्यंत पुन्हा उभं केलं. समोर दिसणारं प्रत्येक लाकूड अठराव्या शतकातलं नाही.

रेखावृत्त

माणसांच्या नोंदींचं मी सांगतो. नोव्हा स्कोशिया अर्काइव्ह्ज म्हणजे प्रांताच्या सरकारी दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर जन्म, लग्न, मृत्यूच्या मूळ नोंदींच्या प्रतिमा आहेत. पण जन्म आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १८६४ ते १८७७ चालली, मग बंद पडली ती थेट १९०८ ला पुन्हा सुरू झाली. मधली तीसेक वर्षं कोरी. लग्नांची नोंद मात्र मधेही चालू राहिली. त्या काळातला माणूस सापडला नाही म्हणून गाव सोडून गेला असं लिहू नका. चर्चच्या नोंदी बघा. शिवाय जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते.

जनगणना लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज कॅनडा या देशाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर आहे, १९३१ पर्यंतची खुली आहे. नोव्हा स्कोशियात १८७१ च्या आधीच्या मोजण्यांत बहुतेक फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं. १८७१ आणि १८८१ मध्ये घरातलं प्रत्येक नाव आहे पण नातं लिहिलेलं नाही, ते १८९१ पासून येतं. म्हणून १८८१ च्या घरातली विशीतली बाई बायको आहे, बहीण आहे की कामवाली, हे त्या एका पानावरून ठरवता येत नाही. १९०१ मध्ये जन्मतारीख पूर्ण विचारलेली आहे, पण ती सांगणाऱ्याच्या आठवणीतली, एखाद्या वर्षाने चुकू शकते.

आडनावांचा घोळ इथला सगळ्यात मोठा. आयझेनहाउअर पुढे आइसनर झाला, बुबिखोफर पब्लिकओव्हर झाला, युंग यंग झाला. वायनाख्ट या जर्मन घराण्याचं व्हायनॉट झालं आणि माँबेलियारच्या व्हिएनो घराण्याचं व्हीनॉट. दोन्ही नावं शेजारशेजारच्या गल्ल्यांत आहेत आणि कारकुनाने ऐकून लिहिलेली आहेत. एकाच्या वंशावळीत दुसऱ्याचं पोर घुसवणं अगदी सोपं. आधी चर्च बघा, मग नाव जोडा.

लुथरन चर्चच्या जुन्या नोंदी जर्मन हस्तलिपीत आहेत. त्या लिपीत e आपल्या डोळ्याला n दिसतो आणि u च्या डोक्यावर छोटी कमान असते. कमान दिसली की u, नाहीतर n. बाईच्या आडनावाला शेवटी ‘इन’ लागलेलं दिसलं तर ते वेगळं घराणं नाही, स्त्रीलिंगी रूप आहे.

जुनीपेठ (सोलापूर)

फार उपयोगी माहिती, आभार. गहाणखताचा मुद्दा तर आपल्याकडच्या कागदांनाही लागू होतो. आता समुद्राकडचं कुणी सांगेल का? जनगणनेत निम्म्या घरांपुढे मच्छीमार लिहिलेलं दिसतंय. नेमकं कुठलं जहाज, कुणाच्या मालकीचं, हे कळतं का?

शिडवाला

कळतं, आणि तो या गावाचा सगळ्यात रसाळ भाग आहे. इंग्रजी जहाज-कायद्याने प्रत्येक जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत विभागलेली असायची. नोंदवहीत हिस्सेदाराचं नाव, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि हिस्से लिहिलेले असतात. चार हिस्से कप्तानाचे, दोन शीड शिवणाऱ्याचे, एक शेतकऱ्याचा, एक विधवेचा, अशी पानं भेटतात. म्हणजे जनगणनेत ‘शेतकरी’ लिहिलेला माणूसही एका स्कूनरचा, म्हणजे शिडाच्या जहाजाचा, भागीदार असू शकतो. लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज कॅनडाकडे १७८७ ते १९६६ ची जहाज-नोंदणी सूची आहे. तिथून जहाजाचा अधिकृत क्रमांक घ्या. नाव धरून शोधाल तर फसाल, एकाच नावाची अनेक जहाजं असतात. क्रमांक बदलत नाही.

खलाशांचे करारनामे न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातल्या मेरिटाइम हिस्टरी अर्काइव्हमध्ये आहेत. १८६३ ते १९३८ मधले ब्रिटिश साम्राज्याचे सुमारे ७० टक्के कागद तिथे आहेत आणि तेही अधिकृत क्रमांकानेच लावलेले. परदेशी व्यापाराच्या फेरीला करारनामा लागायचा, मासेमारीच्या फेरीचं तसं नव्हतं. त्यामुळे वेस्ट इंडीजला खारवलेला कॉड मासा घेऊन जाणाऱ्या जहाजावरचा माणूस सापडण्याची शक्यता जास्त.

धंदा कसा चालायचा हे माहीत असलं की कागद नीट वाचता येतात. स्कूनर बँक्सवर, म्हणजे खुल्या समुद्रातल्या उथळ मासेमारीच्या पट्ट्यात, नांगर टाकायची. तिथून डोरी नावाच्या चपट्या तळाच्या होड्या सोडायच्या. एका डोरीत दोन माणसं, लांबच लांब दोर आणि त्यावर आमिष लावलेले शेकडो गळ. पकडलेला कॉड जहाजावरच चिरून मिठात घालायचा. किनाऱ्यावर तो धुऊन लाकडी मांडवांवर उन्हात वाळवायचा, त्यात बायकापोरांचे हात लागायचे. जनगणनेत त्या बायकांपुढे धंद्याचा रकाना कोरा असतो. ही उणीव तुमच्या टिपणात आवर्जून लिहा.

ब्लूनोजही याच धंद्यातली. २६ मार्च १९२१ ला स्मिथ अँड रुलंड यांच्या गोदीतून पाण्यात उतरली. आराखडा विल्यम रुए यांचा, कप्तान अँगस वॉल्टर्स. शर्यती जिंकली म्हणून नाव झालं, पण मासे पकडायचं कामही करत होती. १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर फुटली. धक्क्यावर दिसते ती ब्लूनोज २, १९६३ ची.

धक्क्यावरच्या मच्छीमार स्मारकाजवळ थांबा. होकायंत्राच्या आकृतीत उभे केलेले काळ्या ग्रॅनाइटचे खांब, त्यावर १८९० पासून समुद्रात गेलेल्यांची नावं. १९२६ आणि १९२७ च्या ऑगस्टमधल्या वादळांत बुडालेल्या स्कूनर बघा: सिल्व्हिया मोशर आणि सेडी ए. निकल १९२६ ला, मग महाला, क्लेटन वॉल्टर्स, जॉइस एम. स्मिथ, उडा आर. कॉर्कम १९२७ ला, सगळ्या सेबल बेटाच्या आसपास. एकाच जहाजावर भाऊ, मेहुणे, पुतणे असायचे, म्हणून एकच आडनाव सलग येतं. मृत्यू नोंदणीत नाव मिळालं नाही तर या खांबांवर आणि त्या आठवड्यांच्या प्रोग्रेस-एंटरप्राइज या स्थानिक वर्तमानपत्रात बघा.

दप्तरखाना

दफनभूमीबद्दल राहिलं. अकॅडमी या जुन्या शाळेच्या टेकडीवरच्या हिलक्रेस्ट दफनभूमीत जर्मन भाषेतले जुने दगड आहेत. दगडावर खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम काही लावू नका, घासूही नका. जुना दगड पापुद्र्यांनी सुटतो. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन पुरेसं असतं, नाहीतर आरशाने उजेड बाजूने पाडायचा.

नोव्हा स्कोशिया अर्काइव्ह्ज हॅलिफॅक्सला, लुनेनबर्गपासून साधारण १०० किलोमीटरवर आहे, गाडी लागते. म्हणून खंड, पान, जहाज क्रमांक यांची यादी सोलापुरातच पक्की करून आधी ईमेल टाका. फोन करायचा तर उन्हाळ्यात आपण साडेआठ तास पुढे असतो, तिथे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा.